वाटेवरची काच

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला भाषणाविषयी विचारले तेव्हा मी विद्यार्थ्यांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत अशी त्यांची अपेक्षा होती. निवृत्त शिक्षकाकडून दुसरे काय मागणार? परंतु उपदेश करण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि त्यातील किती उपदेश वर्गाच्या दाराबाहेर पडला ह्याचा हिशेब मी हल्ली रिकाम्या वेळी करीत असतो. म्हणून मी त्यांना निराळा विषय सांगितला. तो ऐकून ते प्रथम हसले, आणि मग काळजीच्या स्वरात म्हणाले, "गुरुजी, हे स्मरणिकेत छापायचे?" मी म्हटले, छापावयाचे. विषय दारूच्या छोट्या बाटल्यांचा आहे. दारूचा नव्हे, बाटल्यांचा. हा भेद मी मुद्दाम करीत आहे. तो का, हे पुढे येईल.

आमची दोन खाचरे पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आहेत. गेल्या वर्षी आषाढात लावणी चालली होती. वाडीवरच्या पाच बायका आल्या होत्या. पाऊस बरा होता, चिखलणी चांगली झाली होती, आणि दुपारपर्यंत वरचे खाचर उरकेल असा रंग होता. इतक्यात त्यांतील एक बाई मटकन खाली बसली. तिने पाय वर काढला तेव्हा चिखलातून रक्ताची धार लागली होती. टाचेच्या वर काच शिरली होती. लावणी करणारा माणूस अनवाणीच असतो. चिखलात वहाण टिकत नाही, आणि गुडघाभर गढूळ पाण्यात काच दिसत नाही. रुग्णालयात नेऊन सहा टाके घातले, धनुर्वाताची सुई दिली. ऐन लावणीचे अठरा दिवस ती बाई घरी बसली. माझ्याकडची मजुरी मी तिला दिली, पण बाकीच्या चार शेतांवरची तिची मजुरी गेली ती गेलीच. मी ओशाळून काही बोलू लागलो तर ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा काय दोष? पाणी आणतं वरून."

पाणी आणते हे खरे. पण पाण्याच्या हाती ते कोण देतो?

तो काचेचा तुकडा मी धुऊन ठेवला आहे. बाटलीची मान आहे ती, आणि तिच्याभोवती झाकणाचे पत्र्याचे कडे अजून घट्ट बसलेले आहे. बाटली नव्वद मिलिलिटरची. आमच्या आळीतील कोणतेही दहा वर्षांचे पोर ती ओळखून सांगेल.

आता आपण कासार. काचेशी आपले नाते इतर कोणाहूनही जवळचे. माझे वडील त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बांगड्यांच्या माळा खांद्यावर घालून वाड्यावाड्यांतून हिंडत. बिरवाडी, नाते, पाचाड ही त्यांची एक फेरी. कापडे, उमरठ ही दुसरी. मी सुट्टीत त्यांच्यामागून जाई. ते ओसरीवर बसत, बायका समोर येऊन हात पुढे करीत, आणि हातावर बांगडी चढविताना दहांत एखादी पिचे. बांगडी फुटली असे आपल्याकडे म्हणत नाहीत; ती 'वाढली' म्हणतात. वाढलेल्या बांगडीचा प्रत्येक तुकडा वडील ओल्या फडक्याने टिपून घेत, फडक्याची पुरचुंडी करून पेटीच्या तळाशी ठेवीत आणि घरी नेत. उठण्यापूर्वी ओसरीवरून तळहात फिरवून पाहात. एकदा उशीर झाला होता, पलीकडच्या वाडीला पोहोचावयाचे होते, म्हणून मी म्हटले, "दादा, राहू दे, झाडून काढतील." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काच आपण आणली, आपण न्यायची. उद्या पुन्हा याच ओसरीवर यायचे आहे." कोणताही धर्मग्रंथ त्यांनी वाचला नव्हता. धंद्याची रीत होती ती, आणि तिच्यावर त्यांची भाकरी अवलंबून होती.

तो तुकडा हाती आल्यापासून मी एक उद्योग आरंभिला. सकाळी फिरावयास जाताना जुन्या हजेरीपटाची कोरी पाने बरोबर घ्यावयाची आणि बाटली कोठे पडली आहे ते टिपून ठेवावयाचे. दोन महिने हे केले. लोकांना वाटले, गुरुजींना म्हातारचळ लागला. असो. त्या टिपणांवरून मला जे दिसले ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम ह्या बाटलीचा थोडा परिचय. मोठी बाटली ७५० मिलिलिटरची असते. तिचा चौथा भाग सुमारे १८० धरतात, म्हणून तिचे नाव क्वार्टर. चपटी म्हणतात तीही बहुधा हीच. तिचे निम्मे म्हणजे नव्वद, लोकांच्या तोंडी 'नाइंटी'. पाश्चात्य देशांत ५० मिलिलिटरची त्याहूनही लहान बाटली निघते, ती विमानात देतात असे ऐकतो. आपल्याकडे रस्त्यावर दिसते ती ही नव्वदीच. देशी असो वा विदेशी म्हणविणारी असो, काचेची असो वा पेट नावाच्या प्लास्टिकची असो. ज्याच्या खिशात मोठ्या बाटलीचे पैसे नाहीत त्याच्यासाठी ती आहे. रोजावर काम करणारा माणूस रोजच्या पैशातून रोजची घेतो. आता गणित करा: जेवढी दारू एका मोठ्या बाटलीत मावते जवळजवळ तेवढ्यासाठी आठ नव्वद्या लागतात. म्हणजे एकाच्या जागी आठ बाटल्या, आठ झाकणे, आठ लेबले. दारू तेवढीच, कचरा आठपट.

ह्या बाटल्या मला सापडल्या कोठे? रस्त्याखालच्या मोरीत. एस. टी.च्या निवाऱ्याच्या पाठीमागे. स्मशानातील शेडच्या पायरीजवळ. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. शाळेच्या मागच्या कुंपणाशी. घाटाच्या वळणावरील वडाच्या बुंध्यात. आणि कोठे सापडल्या नाहीत? देवळासमोर, बाजारात, खुद्द दुकानाच्या दारात. दुकानापासून एक बिडी ओढून होईल एवढ्या अंतरावर त्यांची दाटी सुरू होते. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागतो आणि गवत जळून जाते, तेव्हा रस्त्याच्या उताराकडे उन्हात पाहावे, जागोजागी चकाकते. पावसाळ्यात तेच गवत सारे झाकून घेते आणि आपल्याला वाटते, गाव स्वच्छ झाले.

आपली एक सवय आहे. बाटली दिसली की आपण म्हणतो, मुंबई-पुण्याची मंडळी टाकून गेली. ह्यात काहीच तथ्य नाही असे नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर जी गर्दी उसळते तिच्यामागे काय उरते ते आपण पाहतो; गडकिल्ल्यांवरून तरुण मुले पोती भरभरून बाटल्या खाली आणतात, आणि ज्या रायगडापुढे आपण मान लववितो तोही ह्या विटाळातून सुटलेला नाही. परंतु माझ्या हजेरीपटाने मला नवाच धडा शिकविला. पाहुण्यांच्या बाटल्या मोठ्या असतात, बियरचे डबे असतात, आणि ते चारचौघांत बसून पितात त्या जागी एकत्र पडलेले असतात. मोरीत, टाकीमागे, कुंपणाशी एकेकटी पडलेली नव्वदी पाहुण्याची नव्हे. पाहुण्याला आपली मोरी ठाऊक नसते. ती आपली आहे.

पहिल्या मोठ्या पावसात मोरीतले सारे ओहोळात येते, ओहोळातून शेतात आणि सावित्रीत. झाकण लावलेली प्लास्टिकची बाटली तरंगत जाते; काचेची भरून बुडते, दगडांवर आपटते आणि गाळात बसते. २०२१ च्या जुलैत, २२ तारखेला, महाडात जे पाणी चढले ते आपणांपैकी कोणी विसरणार नाही. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दुःखापुढे काचेची गोष्ट काढणे लहानपणाचे वाटेल. तरीही ज्यांनी त्या आठवड्यात दुकानांतून आणि माजघरांतून गाळ उपसला त्यांना आठवत असेल की, फावड्याखाली काच करकरत होती आणि हातांना चिंध्या बांधून आपण काम करीत होतो. सारीच काच बाटल्यांची नव्हती, कपाटांची नि तसबिरींचीही होती. पण माझ्या मेहुण्याच्या घरच्या गाळात पाच सबंध नव्वद्या मिळाल्या, आणि त्या घरात कोणी पीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ही बाटली टाकली का जाते?

माझ्या लहानपणी बाटली ही घरातली वस्तू होती. सरकारी दवाखान्यात औषधाला जावयाचे तर बाटली आपली न्यावी लागे. कंपाउंडर तीत मिश्रण ओतून, मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवी. रॉकेलला बाटली, तेलाला बाटली. सोडा प्यावयाचा तर तो दुकानात उभे राहून, नाहीतर अनामत ठेवून. आणि ते अनामतीचे चार आणे परत मिळावेत म्हणून आम्ही मुले बाटली छातीशी धरून धावत परत नेत असू. वाटेत फुटली तर घरी मार. त्या वेळची माणसे आजच्या माणसांहून स्वच्छतेची अधिक भोक्ती होती असे मी म्हणणार नाही. बाटलीला किंमत होती, म्हणून ती वाटेवर पडत नसे.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास मला आनंद होत नाही. मी एका शाळेत असताना चौथीतील एका मुलाच्या दप्तरात सात-आठ नव्वद्या निघाल्या. मी संतापलो. सरस्वतीच्या मंदिरात दारूच्या बाटल्या! मी त्याला सर्व वर्गासमोर उभे केले, हातावर छड्या दिल्या, आणि त्याच्या बापाविषयी दोन शब्द असे बोललो की जे शिक्षकाने बोलू नयेत. तो रडत रडत म्हणाला, "भंगारवाल्याला द्यायला वेचल्या होत्या, गुरुजी. मोठी बाटली तो घेतो. ही घेत नाही म्हणाला." त्याला वहीसाठी पैसे हवे होते. माझा राग काही उतरला नाही. मी त्याला सांगितले, "आधी ही घाण कुंपणाबाहेर टाकून ये." तो गेला आणि टाकून आला. आमच्या कुंपणाबाहेर उतार होता, उताराखाली शेते होती.

आज मागे वळून पाहतो तेव्हा दिसते की, त्या दिवशी वर्गात ह्या प्रश्नाचे अर्थशास्त्र ज्याला कळले होते असा एकच माणूस होता, आणि छड्या त्यालाच बसल्या. भंगारवाला मोठी बाटली घेतो, कारण ती धुऊन पुन्हा भरता येते. नव्वदीचे वजन नगण्य. डझनभर टाकल्या तरी तराजूचा काटा जेमतेम हलतो, आणि वेचणाऱ्याचा दिवस जातो. म्हणून सारे भंगार रस्त्यावरून उचलले जाते आणि ही एवढी राहते. तिची किंमत शून्य करून आपण ती बाजारात सोडली आहे.

हे झाले पैशाचे. दुसरे कारण मला अधिक बोचते. ही बाटली खिशात मावते, कनवटीला लागते, चार घोटांत संपते. लपवावयास ती सोयीची आहे. पण रिकामी झालेली बाटली घरी नेता येत नाही, कारण घरी बायको आहे, आई आहे, पोरे आहेत. दुकानाशी परत नेता येत नाही, कारण रस्त्यात आपल्यासारखे गुरुजी भेटतात. मग ती मोरीत जाते. पिणारा जितका अधिक लाजतो तितकी बाटली अधिक आडबाजूला पडते, आणि आडबाजूची बाटली कोणी उचलीत नाही. म्हणजे आमच्या धाकाने आणि आमच्या नीतिमत्तेच्या आवाजाने दारू कमी झाली की नाही हे मी सांगू शकत नाही. बाटल्या मात्र आम्ही शेतात नेऊन सोडल्या.

बंधूंनो, हे दुसऱ्या कोणाविषयी मी बोलत नाही. आपल्याकडील हळदीची रात्र आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पत्रिकेवर श्री कालिकामातेचे नाव छापतो, आणि मांडवाच्या पाठीमागे काय चालते ते वराच्या बापाला ठाऊक असूनही तो पाठ फिरवून उभा राहतो. गतवर्षी आपल्याच ज्ञातीतील एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या मांडवामागे गेलो. एकसष्ट बाटल्या मोजल्या. त्यांतील नऊ फुटलेल्या होत्या. ज्यांचे बाप ओसरीवर तळहात फिरवून काच वेचीत होते, त्यांची ही मुले.

काय करावे, ह्याचा विचार इतरांनीही केला आहे. निलगिरी जिल्ह्यात रानात फेकलेल्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरतात, ही तक्रार मद्रास उच्च न्यायालयापुढे गेली. आणि न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ च्या मे महिन्यापासून तेथील दारूच्या दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अधिक घेऊ लागले. रिकामी बाटली परत आणली की दहा रुपये परत. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या, आणि ती पद्धत पुढे तामिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतही नेली गेली. हे आमच्या सोड्याच्या बाटलीचेच चार आणे. फक्त दहा रुपये झालेले. अमेरिकेत कनेक्टिकट नावाचे राज्य आहे. तेथे ऑक्टोबर २०२१ पासून लहानग्या बाटलीमागे पाच सेंट घेतात आणि ती रक्कम ज्या गावात विक्री झाली त्या गावाला सफाईसाठी देतात. ही व्यवस्था मला अर्धवट वाटते. गावाला पैसा मिळाला खरा, पण पिणाऱ्याला ते पाच सेंट परत मिळत नाहीत, मग त्याने बाटली का सांभाळावी? त्याच देशातील मॅसॅच्युसेट्स राज्यात चेल्सी नावाच्या नगराने २०१८ साली लहान बाटल्यांची विक्रीच बंद केली. आपल्या राज्यातही २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेटच्या बाटल्यांवर परत-खरेदीची किंमत छापावी अशी तरतूद होती. अशी किंमत ज्याच्या हातावर पडली असा माणूस महाड-पोलादपुरात मला अजून भेटावयाचा आहे. गोव्याने २०२४ साली ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली. म्हणजे कल्पना दूरची नाही, शेजारच्या घरापर्यंत आलेली आहे.

तामिळनाडूत दुकाने सरकारी महामंडळाची आहेत, म्हणून तेथे हुकूम झाला की काम झाले. आपल्याकडे दुकाने खाजगी परवानेदारांची. त्यांना हिशेब, जागा, रिकाम्या बाटल्यांचा वास ह्या सर्वांची अडचण होईल, आणि ती अडचण खोटी नाही. एका दुकानदाराशी मी बोललो. तो म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांना लावा, मी पहिला करीन. मला एकट्याला लावलेत तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल." त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. म्हणून आपल्या मंडळाने अलिबागला राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अधीक्षकांकडे निवेदन द्यावे की, निदान महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत नव्वदीला अनामत लावण्याचा प्रयोग व्हावा. मसुदा मी केला आहे. आपल्या एका मंडळाच्या निवेदनाने सरकार हलेल असा माझा भ्रम नाही. इतर ज्ञातींच्या मंडळांच्या सह्या घेण्यासही मी जाईन. काच कोणाची ज्ञात विचारून पायात शिरत नाही.

परंतु निवेदनाची वाट पाहात बसावयाचे नसेल, तर आपल्या घरचे काम आपल्या हाती आहे. मार्गशीर्षापासून मी एक खटपट केली, तिची हकिगत सांगतो. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, वरचा पत्रा तसाच ठेवून मधोमध मूठभर भोक पाडले, बाहेरून पांढरा रंग दिला, आणि त्यावर फक्त 'काच' एवढाच शब्द लिहिला. दारू हा शब्द लिहिला नाही. आपल्या ज्ञातीतील चार घरच्या हळदींना तो डबा मांडवाच्या मागच्या बाजूस, अंधार असतो तेथे, नेऊन ठेवला. जवळ कोणाला उभे केले नाही. कोण टाकतो हे पाहावयाचे नाही, हा माझा पहिला नियम.

ह्यावर आपल्यातील एक वडीलधारे बंधू माझ्यावर फार रागावले. ते येथे बसलेले आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांनी स्वतः कधी थेंब घेतलेला नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही दारूला आसन मांडून दिलेत. उद्या पोरे म्हणतील, मंडळानेच डबा ठेवला आहे, मग प्यायला हरकत काय?" हा आक्षेप मी रात्रभर मनात घोळविला. तो पोकळ नाही. सुनेने डबा पाहून हाच प्रश्न मला निराळ्या शब्दांत विचारला होता. माझ्या भगिनींनी तर गावोगाव दुकाने बंद करण्यासाठी मतदान केले आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली ह्या चिन्हांवर आपल्या राज्यात किती गावांनी निकाल लावले हे त्यांना सांगावयास नको. त्या लढ्याला माझ्या डब्याने बाध येत असेल तर डबा मी आजच फोडून टाकीन.

पण मला गाडगेबाबांचे उदाहरण आठवते. दारूवर त्यांच्याइतके कठोर बोलणारा कीर्तनकार विरळा. ते गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडीत, कीर्तन रात्री. झाडताना ही घाण कोणाची, हा पिणारा की माळकरी, असे ते विचारीत नव्हते. रात्रीचा उपदेश मोकळ्या तोंडाने करता यावा म्हणून सकाळचा खराटा होता, असे मला वाटते. मी उपदेश सोडा असे म्हणत नाही. दारू सोडविण्याचे काम ज्यांना साधते त्यांनी ते जरूर करावे; माझ्या हातून ते साधले नाही, हे मी कबूल करतो. मी एवढेच म्हणतो की, जोवर तो सुटत नाही तोवर त्याची बाटली त्या बाईच्या टाचेत जाता कामा नये. ती बाई त्याच्या व्यसनाची भागीदार नव्हती.

चार हळदींचा अनुभव सरमिसळ आहे. पहिल्या रात्री डब्यात तीनच बाटल्या पडल्या आणि मांडवामागे नेहमीसारखे शेत पिकले. मी निराश झालो. मग लक्षात आले की डबा मी फार उजेडात ठेवला होता. दुसऱ्या वेळी तो आडोशाला सरकविला. डब्यात अडतीस आणि बाहेर अकरा. तिसऱ्या ठिकाणी डबाच चोरीला गेला. कोणी नेला ते कळले नाही, पण रंग चांगला होता, धान्याला उपयोगी पडत असेल. चौथ्या घरी वराच्या मामाने स्वतः दोन डबे मागून घेतले, आणि सकाळी मी पोहोचण्यापूर्वीच आवार झाडून काढले होते. तेथे बाहेर एकही बाटली मला मिळाली नाही. त्या मामांचे नाव घेण्याची परवानगी त्यांनी दिली नाही.

साठलेल्या बाटल्यांचे पुढे काय, हा प्रश्न राहतो. भंगारवाल्याशी पुन्हा बोललो. सुट्या नव्वद्या तो आजही घेत नाही. परंतु काच आणि प्लास्टिक निरनिराळे केलेले, झाकणे काढलेली, अशी भरलेली गोणी असेल तर वजनावर घेण्यास कबूल झाला आहे. पैसे किरकोळ मिळतील, गोणीच्या सुतळीपुरते म्हणा. एकाने सुचविले की, मुलांना बाटलीमागे दोन रुपये द्यावेत म्हणजे झटपट वेचतील. त्याला मी साफ नकार दिला. एका मुलाला मी ह्या बाटल्यांपायी छड्या मारल्या आहेत. आता दुसऱ्या मुलांना त्याच बाटल्या वेचावयास लावणार नाही. हे मोठ्या माणसांचे काम आहे, आणि ते हातमोजे घालून करावयाचे आहे. हातमोजे, डबे आणि गोण्या ह्यांसाठी मी निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये खजिनदारांकडे दिले आहेत. त्याची पावती मिळाली आहे. स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत ते छापू नयेत अशी विनंती आहे.

जाता जाता सभागृहाविषयी. आज येथे आपण सातशेच्या वर माणसे जमलो आहोत. दुपारचे जेवण होईल, संध्याकाळी गुणगौरव होईल, आणि काळोख पडल्यावर मागच्या आवारात काही मंडळी जातील, हे मलाही ठाऊक आहे आणि आपणांसही. दोन डबे मागच्या भिंतीशी, जांभळीच्या झाडाखाली ठेवले आहेत. तेथे दिवा नाही. उद्या सकाळी साडेसहा वाजता मी आणि आळीतील दोघे तरुण तेथे असू. हातमोज्यांच्या सहा जोड्या आहेत, म्हणजे तीन जोड्या शिल्लक राहतात. ज्यांनी डब्याबद्दल माझ्यावर राग धरला त्या बंधूंना मी काल एक जोडी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली. येईन असे म्हणाले नाहीत, येणार नाही असेही म्हणाले नाहीत.